ओलं काम, कोरडं काम आणि गणपतीची तारीख

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमध्ये १९९८ सालची चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. पाडव्यानंतर तोडफोड सुरू झाली. कॉन्ट्रॅक्टरने ४५ दिवस सांगितले होते, आता पावणेचार महिने झाले. ९ लाखांचं काम, त्यातले साडेसहा लाख देऊन झालेत. मोठ्या बाथरूमच्या टाइल्स लागल्या, लहान बाथरूम उघडं पडलंय, ओटा तोडलेला आहे आणि सुतार गावाला गेलाय तो गेलाच. भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू. त्यात १४ वर्षांच्या फ्रिजने मान टाकली. खालच्या काकू म्हणतात आमच्या छताला ओल आली. यजमान म्हणतात कॉन्ट्रॅक्टरला काढा. मुलगा म्हणतो सेल चालू आहे तोवर फ्रिज, एसी, डिशवॉशर, इंडक्शन सगळं घेऊन टाकू. आणि सासूबाईंचं म्हणणं, गणपती स्वतःच्याच घरात बसले पाहिजेत.

मी २२ वर्षं पुण्यात हीच कामं करतोय. म्हणजे ज्याच्यावर तुम्ही चिडलाय, त्याच बिरादरीतला. तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या.

आधी सरळ उत्तरं देतो. कॉन्ट्रॅक्टरला आज काढू नका. सेलमध्ये फक्त फ्रिज घ्या. बाकीच्या वस्तूंचं मॉडेल आजच पक्कं करा, पण पैसे नंतर मोजा. गणपती तुमच्या घरात बसतील, मात्र कपाटांना पॉलिश आणि भिंतींना शेवटचा हात नसेल. सासूबाईंची त्याला हरकत नसावी.

घरातलं काम दोन जातींचं असतं, ओलं आणि कोरडं. ओलं म्हणजे जिथे सिमेंट आणि पाणी येतं: कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर), प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइल्स. कोरडं म्हणजे वायरिंग, सुतारकाम, फिटिंग, रंगाचा बराचसा भाग. कोरड्या कामाला माणसं वाढवली की वेग वाढतो. दोन सुतारांच्या जागी चार लावा, आठ दिवसांचं काम पाच दिवसांत होईल. ओल्या कामाचं तसं नाही. कोब्याला सात दिवस पाणी मारायचं म्हणजे सात दिवस. चार गवंडी आणले म्हणून ते दोन दिवसांत वाळत नाही. उशीर झाला की मालक कासावीस होतो, कॉन्ट्रॅक्टरवर ओरडतो आणि कॉन्ट्रॅक्टर घाई करतो नेमकी ओल्या कामात. कारण तिथली चोरी टाइल्सखाली झाकली जाते. सुतारकामातली घाई डोळ्यांना दिसते, वॉटरप्रूफिंगमधली पुढच्या पावसाळ्यात खालच्या घराच्या छताला दिसते.

हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. सिंहगड रस्त्याला एक काम होतं. घरमालकांचा मुहूर्त ठरलेला, पत्रिका वाटलेल्या. बाथरूमचा कोबा झाला आणि मी पाणी भरून न बघता टाइल्स लावायला सांगितलं. मनात म्हटलं, इतकी वर्षं कोबे मारतोय, काय होणार आहे. तीन महिन्यांनी खालच्यांचा फोन. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, गळ्याशी फट राहिली होती. नव्या कोऱ्या टाइल्स फोडल्या, पुन्हा सगळं केलं. अकरा दिवस गेले आणि खर्च पूर्ण माझ्या खिशातून. पाणी भरून बघायला तीन दिवस लागले असते.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न उशिराचा नाहीच. मोठ्या बाथरूममध्ये टाइल्स लावण्याआधी पाण्याची टेस्ट झाली होती का? कॉन्ट्रॅक्टरला हे विचारा आणि फोटो मागा. आम्ही लोक हल्ली सगळ्याचे फोटो काढतो. टेस्ट झाली असेल तर फोटो असणार. नसेल, तर टाइल्स लागल्या असल्या तरी आत्ता करून घ्या, कमोड आणि नळ बसायच्या आधी. नहाणी ट्रॅपचं तोंड कापडाचा बोळा आणि प्लॅस्टिक लावून घट्ट बंद करायचं, उंबऱ्याशी विटेचा छोटा बांध घालायचा, दोन इंच पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. ४८ तास ठेवलं तर बरं, ७२ तास ठेवलं तर उत्तम. थोडं पाणी हवेत उडून जातं, टाइल्सच्या सांध्यांत थोडं शोषलं जातं, तेवढ्याने घाबरायचं नाही. पण रेघेखाली बोटभर उतरलं किंवा काकूंच्या छताला नवा डाग आला, तर पुढचं सगळं थांबवा.

काकूंच्या ओलीचं कारण दुसरंही असू शकतं. तोडफोडीत जुन्या लोखंडी पाइपाला धक्का लागतो. १९९८ च्या इमारतीत भिंतीतले पाइप बहुधा जीआयचेच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असणार, आतून गंजलेले. हातोडा शेजारच्या भिंतीवर पडतो आणि पाइप दोन फुटांवर गळायला लागतो. म्हणून नव्या सीपीव्हीसीच्या (प्लॅस्टिकच्या) लाइनीला, भिंत बुजवायच्या आधी, हातपंपाने दाब देऊन बघतात. सात-आठ किलोचा दाब देऊन रात्रभर ठेवायचा. सकाळी काटा खाली आला असेल तर सांधा शोधायचा. प्लंबरला हा पंप आणायला सांगितलं की तो तोंड वाकडं करतो. करू दे. जुनी जीआय लाइन कुठे तशीच ठेवली असेल तर या निमित्ताने तीही बदलून टाका. नव्या टाइल्सखाली २८ वर्षांचा पाइप ठेवणं म्हणजे नव्या साडीला जुना फॉल.

लहान बाथरूम अजून उघडं आहे, हे खरं तर तुमच्या पथ्यावर पडलंय. तिथे क्रम नीट पाळून घ्या. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढायचा, स्लॅब झाडून धुऊन बघायचा, सळई कुठे उघडी असेल तर आधी ती दुरुस्ती. मग पाइप आणि नहाणी ट्रॅप बसवायचे, ट्रॅपभोवतीची जागा न आकसणाऱ्या मसाल्याने भरायची, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर किमान फूटभर वर नेलेले आणि कोपऱ्यात वाटा मारलेला, म्हणजे सिमेंटने कोपरा गोल केलेला. अंघोळीच्या बाजूला तोच थर पाच-सहा फुटांपर्यंत. मग पाणी. मग ढाळ देऊन कोबा, आणि पुन्हा पाणी. हो, दोनदा. ढाळ बघायला लेव्हलपेक्षा साधा तांब्या चांगला: लांबच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते नहाणीकडे चालत जातंय का बघायचं. दाराकडे निघालं तर गवंड्याला तिथेच थांबवा.

आता उशिराकडे. कॉन्ट्रॅक्टर ४५ दिवस का सांगतो? कारण ७५ सांगणाऱ्याला काम मिळत नाही. तुम्हीही तीन जणांकडून भाव घेतला असेल आणि त्यात सगळ्यात कमी दिवस सांगणारा आवडला असेल. दोन बाथरूम, स्वयंपाकघर, पूर्ण वायरिंग आणि सुतारकाम असलेल्या टू बीएचकेला मी अडीच ते तीन महिने धरतो, तेही मालकाने टाइल्स वेळेवर निवडल्या तर. म्हणजे तुमचा खरा उशीर साधारण महिन्याचा आहे, सव्वादोन महिन्यांचा नाही. राग थोडा उतरला तर बघा.

तो महिनाही कुठे गेला याचा मला साधारण अंदाज आहे. मे महिन्यात फरशीवाले आणि सुतार लग्नांसाठी गावाला जातात; यातले बरेच राजस्थान आणि उत्तर प्रदेशचे. जून उजाडला की बिगारी मराठवाड्यात, सोलापूरकडे पेरणीला. परत येतात, पण सगळे येत नाहीत आणि जे येतात त्यांना मजुरांच्या ठिय्यावरून दुसराच कोणीतरी उचलतो. त्यात प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर एका वेळी तीन-चार साइट चालवतो. तुमच्या उचलीतून दुसऱ्याचं मटेरियल, तिसऱ्याच्या उचलीतून तुमची मजुरी. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण आमचा धंदा असाच चालतो. ज्या साइटवर पुढचा हप्ता जवळ दिसतो, तिथे माणसं जातात. तुमच्याकडे साडेसहा लाख घेऊन झालेत, म्हणजे ७२ टक्के पैसे, आणि काम झालंय माझ्या अंदाजाने निम्मं. त्याच्या दृष्टीने तुमच्या घरात आता मोठा हप्ता उरलेला नाही. सुतार न येण्याचं खरं कारण इथे आहे, गावात नाही.

हे उलटवायचं कसं? त्याला बोलवा. भाड्याच्या घरी नाही, साइटवर. भांडायला नाही, मोजायला. टेप, वही आणि मोबाइल घेऊन खोलीखोलीतून फिरा. झालेलं काम, राहिलेलं काम, आणलेलं मटेरियल आणि न आणलेलं, सगळं लिहा. दोघांच्या सह्या करा, प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. मग उरलेले अडीच लाख छोट्या तुकड्यांत बांधा: लहान बाथरूमची पाण्याची टेस्ट पास झाली की अमुक, ओटा बसून सिंकला पाणी आलं की अमुक, सगळे स्विच चालू झाले की अमुक. तुकडा लहान आणि लगेच मिळणारा असेल तर माणसं येतात, हा माझा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. शेवटचे ९० हजार, म्हणजे एकूण कामाच्या दहा टक्के, राहायला गेल्यावर एक महिन्याने द्यायचे असं त्याच कागदावर लिहा. तो कुरकुर करेल. मीही करतो.

सुताराला किंवा फरशीवाल्याला परस्पर पैसे देण्याचा मोह होईल. देऊ नका. दिलेच तर कॉन्ट्रॅक्टरला मेसेज करून, त्याच्या हिशोबातून वजा करून. नाहीतर उद्या टाइल पोकळ वाजली की तो म्हणेल, त्याला तुम्ही आणलंत.

काढायचं कधी? मागचा हिशोब न देता तो नवी उचल मागतो, तुमच्या पैशाचं मटेरियल साइटवरून हलवतो, किंवा तुम्हाला न विचारता कॉलम-बीमला हात लावतो, तर त्या दिवशी काढा. नुसत्या उशिरासाठी काढाल, तर नवा माणूस आधीच्याच्या कामाची जबाबदारी घेणार नाही. तो मोठ्या बाथरूमच्या टाइल्सवर टकटक करेल, मान हलवेल आणि म्हणेल, मॅडम हे फोडावं लागेल. मीसुद्धा हेच म्हणतो, कारण दुसऱ्याच्या कोब्याची हमी मी कशी देणार?

एक गैरसमज काढून टाकतो. महारेराचा इथे उपयोग नाही. तो कायदा बिल्डर आणि नव्या प्रकल्पांसाठी आहे, स्वतःच्या घरातल्या दुरुस्तीच्या कॉन्ट्रॅक्टरसाठी नाही. तुमचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. आधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर, आणि तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ९ लाखांच्या कामाला फी अगदी किरकोळ आहे. पण तिथेही लागतो तो सह्यांचा कागदच. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे निरोप, कोटेशन काहीही पुसू नका.

आता वस्तूंकडे येतो, कारण उशिराचं एक मोठं कारण तुमच्या प्रश्नातच दडलंय आणि ते तुमच्या बाजूचं आहे. एसी, डिशवॉशर, इंडक्शन हे सगळं तुम्ही आत्ता ठरवताय. ते तोडफोडीच्या आधी ठरायला हवं होतं. वस्तू घ्यायची नंतर, पण ठरवायची भिंत उघडी असताना. डिशवॉशर कुठे बसणार हे ठरलं नाही तर ओट्याखाली पाण्याचा पॉइंट, सांडपाण्याचा पाइप आणि १६ अँपिअरचा सॉकेट कुठे काढायचा? इलेक्ट्रिशियन अंदाजाने काढतो, मशीन आल्यावर सॉकेट नेमका पाठीमागे येतो आणि मशीन भिंतीला टेकत नाही. मग पुन्हा टाइल फोडा. सॉकेट शेजारच्या कपाटात घ्यायचा, म्हणजे मशीन बाहेर न ओढता बंद करता येतो. ओट्याची उंचीही त्यावरच ठरते: पूर्ण आकाराचं डिशवॉशर ६० सेंटिमीटर रुंद आणि वरचं झाकण धरून साधारण ८५ सेंटिमीटर उंच असतं. आपले जुने ओटे बरेचदा त्याहून बुटके. ग्रॅनाइट बसल्यावर हे कळलं, तर मशीन बाल्कनीत जातं. मी अशा दोन बाल्कन्या पाहिल्या आहेत.

तेव्हा या आठवड्यात मुलाला बसवा आणि मॉडेल पक्की करून घ्या. प्रत्येकाच्या बसवण्याच्या माहितीचं पान कंपनीच्या साइटवर असतं. ते छापून इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरच्या हातात द्या. बिलं मात्र वस्तू बसवायच्या आठवड्यात करा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, खोकं उघडल्यापासून नाही. चार महिने खोक्यात पडलेल्या एसीची वर्षभराची वॉरंटी प्रत्यक्षात आठच महिने मिळते. शिवाय ठोकलेली किंवा बिघडलेली वस्तू बदलून मिळायची मुदत बहुतेक ठिकाणी मोजक्या दिवसांची, आणि तेव्हा तुमचं खोकं सिमेंटच्या गोण्यांमागे. सेलचं म्हणाल तर दसरा-दिवाळीला तो पुन्हा येतोच. जी खरी स्वस्ताई झाली ती कराची: एसी आणि डिशवॉशरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्याचा सेलच्या तारखेशी संबंध नाही.

फ्रिजचं वेगळं. तो भाड्याच्या घरातही लागतो, तर घ्या. १४ वर्षांच्या फ्रिजमध्ये गॅस भरून देतो म्हणणारा मेकॅनिक येईल. त्याला एवढंच विचारा, गळती कुठे आहे? बाहेरच्या सांध्याला असेल तर दुरुस्ती होते. भिंतीच्या आत, फोमच्या मागे असेल तर आज भरलेला गॅस दोन-तीन महिन्यांत परत उडतो. तसं असेल तर त्याच्यावर एक रुपया घालू नका. नवा घेताना लेबलवरचे तारे बघाल तेव्हा त्याखाली छापलेली वैधतेची वर्षंही बघा. निकष मधूनमधून कडक होतात आणि जुन्या निकषाचे पाच तारे नव्यात खाली येऊ शकतात. वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा लेबलवर असतो, तुलना त्याने करा. आणि दुकानात जायच्या आधी जिन्याचं वळण, घराचं दार आणि नव्या स्वयंपाकघरातला कोनाडा मोजून जा. कोनाडा फ्रिजच्या मापाला चिकटून नको, बाजूंना आणि मागे दोन-दोन इंच हवा खेळायला हवी. जुना फ्रिज भंगारवाल्याला देण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये द्या. त्यातला गॅस हवेत न सोडता काढायची सोय निदान असायची शक्यता तिथे आहे.

या सगळ्याहून जास्त काळजी मला तुमच्या वायरिंगची आहे. १९९८ चं घर तेव्हाच्या भाराचं: पंखे, ट्यूब, टीव्ही, फ्रिज, एखादा गीझर. आता हिशोब करा. गीझर २००० वॅट, इंडक्शन २०००, डिशवॉशर पाणी तापवताना सुमारे १८००, वॉशिंग मशीनचा हीटर २०००, दीड टनाचा एसी साधारण १५००. सकाळी सातला हे सगळं एकदम लागलं तर ९३०० वॅट, म्हणजे ४० अँपिअर. तुमच्या मीटरपासून घरात येणारी मेन वायर त्यासाठी घातलेली नाही, आणि कदाचित महावितरणकडचा तुमचा मंजूर भारही तेवढा नसेल. तो बिलावर छापलेला असतो, बघा. वाढवायचा तर आत्ताच अर्ज करा, त्यात दिवस जातात. घरातलं मात्र तुमच्या हातात आहे: एसी आणि गीझरला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पॉवर सॉकेटला अडीच, दिवे-पंख्यांना दीड. प्रत्येक लाइनीला वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). गीझरच्या ओल्या अंगाला करंट उतरला तर माणूस वाचवतो तो हाच. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला नाही. जुन्या इमारतीत अर्थिंगची वायर बरेचदा नुसती बोर्डात गुंडाळून ठेवलेली सापडते. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून अर्थिंग दाखवायला सांगा, तोंडी नको.

एसीसाठी भिंतीतून तांब्याची नळी आणि पाण्याचा पाइप न्यायचा असेल तर तो भिंतीला लांबी (पुट्टी) भरायच्या आधी. पाण्याच्या पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार हवा. भोक मशीनने पाडायचं आणि बीममधून अजिबात नाही. पुढे कधीतरी इन्व्हर्टर किंवा इंटरनेटची वायर लागेल म्हणून प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून ठेवा. त्याला अगदी थोडे पैसे लागतात. नंतर भिंत फोडायला हजारो.

नळांबद्दल एकच. शोरूममध्ये छतातून पडणारा मोठा शॉवर बघून आला असाल तर थांबा. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचं पाणी साधारण एक बार दाब देतं. चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवरची टाकी पाच-सहा मीटर वर; म्हणजे तुम्हाला अर्धा बार जेमतेम. तो शॉवर त्यावर नुसता ठिबकेल. साधा चांगला हॅंडशॉवर घ्या. डिशवॉशर आणि फ्रंट-लोड मशीन घेतानाही किमान दाब किती लागतो ते त्या छापलेल्या पानावर बघा. पाण्याच्या कठीणपणाची मात्र तुम्हाला फारशी चिंता नाही, खडकवासल्याचं पाणी मऊ आहे. वाघोलीला टँकर आणि बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याच्या गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी जाते.

गणपतीकडे दोन महिने आहेत. यंदा अधिक महिना आल्याने बाप्पा १४ सप्टेंबरला येतायत, हे तुमचं नशीब. एरवी ऑगस्टातच धावपळ झाली असती. पहिले तीन आठवडे फक्त ओलं काम: लहान बाथरूम, ओटा, मागची टाइल. त्याच काळात भिंतींना झिऱ्या (खाचा) मारून वायरिंगचे पाइप. चौथा आठवडा जाणूनबुजून मोकळा ठेवा. कॉन्ट्रॅक्टरला सांगूच नका की तो मोकळा आहे. मग वायरी ओढणं, फिटिंग, ट्रॉल्या. स्वयंपाकघराच्या प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघून घ्या, सिंकखाली तर नक्कीच.

रंगाची घाई पावसात करू नका. ओल्या भिंतीवर लांबी भरली की महिन्याभरात फोड येतात, आणि बाहेरून पाणी येत असलेल्या भिंतीला आतून कुठलाही महाग रंग थांबवत नाही. ते सोसायटीचं काम, त्यांना पत्र द्या. आत्ता प्रायमर आणि एक हात. दुसरा हात नवरात्रानंतर, दिवाळीच्या आधी. लाकडाच्या पॉलिशचंही तेच. दमट हवेत लॅकर मारलं की वर पांढरट साय धरते आणि सगळं घासून पुन्हा करावं लागतं. पॉलिशवाला म्हणेल होतंय की. त्याला ऑक्टोबरात बोलवा.

राहायला जायला किमान काय हवं? एक बाथरूम पूर्ण, ओट्यावर पाणी आणि गॅस, सगळ्या उघड्या वायरी बंद, बाथरूमला दार. बस. मात्र टाइल कापणं आणि लांबी घासणं संपल्याशिवाय सासूबाईंना आणू नका. ती धूळ आठवडाभर हवेत राहते आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत बसते. बाप्पांसाठी हॉलचा एक कोपरा आणि त्याच्याजवळ एक सॉकेट, रोषणाईला. इलेक्ट्रिशियनला तो कोपरा आजच दाखवून ठेवा.

आणि बाथरूममध्ये पाणी भरायच्या आदल्या दिवशी काकूंकडे जाऊन त्यांच्या छताचा फोटो काढून आणा, तारखेसकट. जुने डाग कुठले आणि नवे कुठले, याचा वाद तीन दिवसांनी हमखास होतो.